एसटीपीचं पाणी पाणथळीत सोडताना: आधी पाणथळ बघा, मग पाइप

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा (एसटीपीचा) अहवाल स्वच्छ असू शकतो. बीओडी (सडणारी घाण) ८, टीएसएस (तरंगते कण) १२, पीएच ७.४, सगळं मर्यादेत. तरीही त्याच आउटलेटच्या खालच्या चिखलात किडे-अळ्या नाहीशा झालेल्या असतात आणि पक्षी तिथे उतरायचे थांबलेले असतात. अहवालात लबाडी असेलच असं नाही. नदीत घाण जाऊ नये, दुर्गंधी येऊ नये, रोग पसरू नये यासाठी जे मोजायला हवं ते त्यात मोजलेलं असतं. पाणथळीतल्या जिवांचं मात्र भलत्याच गोष्टींवर अडतं. पाणी किती खारट, रात्री त्यात ऑक्सिजन किती, क्लोरिनचा अंश राहिला का आणि मुळात एवढं पाणी या महिन्यात इथे यायला हवं होतं का, हे त्यांच्यासाठी महत्त्वाचं.

म्हणून नियोजन उलट्या बाजूने करावं लागतं, पाणथळीपासून मागे पाइपाकडे. नगरपालिकेचे अभियंते, टाउनशिपचे एसटीपी चालवणारे आणि गावच्या तळ्यासाठी भांडणारे कार्यकर्ते अशा तिघांनाही वापरता येईल अशा क्रमाने हे लिहितो आहे.

पहिलं काम: खालची जागा कोणत्या जातीची आहे ते ठरवा

आपल्याकडची दोन रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतल्या जागा) शेजारी ठेवून पाहिली की फरक कळतो. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे साठलेलं हे गोडं, उथळ पाणी. वरच्या अंगाला नाशिक शहर. इथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, वारकरी अशा पक्ष्यांना मोकळं पाणी लागतं आणि त्याचा मुख्य शत्रू जलपर्णी. सायखेडा-चांदोरीच्या पट्ट्यात नदीवर तिचा हिरवा गालिचा ज्यांनी पाहिला आहे त्यांना नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

ठाणे खाडीचं तंत्र निराळं. २०१५ मध्ये ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आली. तिथे किंमत आहे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्याला. छोटे रोहित चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात, तुतवार आणि चिखले चिखलातले किडे टिपतात. गंमत म्हणजे रोहित इथे एवढ्या संख्येने यायला लागले त्यामागे मुंबईच्या सांडपाण्यातल्या पोषणद्रव्यांचाही हात असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे ‘सांडपाणी वाईट, ते बंद करा’ एवढ्यावर खाडीचा प्रश्न सुटत नाही.

एका कागदावर चार गोष्टी लिहा: या जागेत निसर्गतः पाणी कधी येतं आणि कधी आटतं, खारटपणा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात किती असतो, कोणते जीव कोणत्या महिन्यांत असतात, आणि ते खातात कुठे, मोकळ्या पाण्यात, काठावर की चिखलात. हा कागद कार्यालयात बसून भरू नका. खाडीवर कोळ्यांबरोबर आणि धरणावर वनरक्षक किंवा मासेमारांबरोबर एकदा फिरा. निवट्या (चिखलातले मासे) कुठे मिळायच्या बंद झाल्या, खेकडे कुठून हटले, ही माहिती कुठल्याच प्रयोगशाळेत नसते. जुने उपग्रह फोटोही काढून पाहा. लव्हाळा आणि पाणकणीस कुठून कुठे सरकलं ते त्यात स्वच्छ दिसतं.

दुसरं काम: परवानगी कोणाकोणाची

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र सगळ्यांना ठाऊक असतं. केंद्र सरकारच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत बीओडीची मर्यादा महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती १० वर आणली आणि एकूण नत्र १०, एकूण स्फुरद १ अशाही मर्यादा घातल्या. तुमच्या संमतीपत्रात काय लिहिलं आहे ते पाहाच, पण पाणथळ संवेदनशील असेल तर रचना लवादाच्या आकड्यांवर करा. पुढे नियम कडक झाला तर टाकी पाडून पुन्हा बांधायची वेळ येत नाही.

विसरलं जातं ते वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९. अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं किंवा वाढवणं, यांपैकी काहीही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. ‘वाढवणं’ हा शब्द दोनदा वाचा. पाणी कितीही शुद्ध असलं तरी जास्तीचं पाणी हासुद्धा हस्तक्षेप आहे, हे या कायद्याला २००२ च्या दुरुस्तीत कळलं. याशिवाय पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत. खाडीकाठी सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम) आहे, आणि तिवरांमधून पाइप न्यायचा असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे न्यायालयाची परवानगीही लागते. वनखात्याच्या कांदळवन (तिवर) कक्षाशी आराखडा काढायच्या आधी बोला. नकाशा पक्का झाल्यावर गेलात तर वर्ष जातं.

तिसरं काम: हिशोब किलोमध्ये मांडा

मिलिग्रॅम प्रतिलिटर हा आकडा फसवा आहे. पाणथळीला रोज किती किलो पोचलं ते महत्त्वाचं. सूत्र सोपं आहे: मिलिग्रॅम प्रतिलिटर गुणिले एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) म्हणजे रोजचे किलो. ५ एमएलडीच्या केंद्रातून ४ मिलिग्रॅम स्फुरद जात असेल तर रोज २० किलो, म्हणजे वर्षाला सात टनांच्या वर. वाहत्या नदीत ते पुढे निघून जातं. बंद तळ्यात किंवा धरणाच्या फुगवट्यात ते गाळात बसतं आणि पुढची अनेक वर्षं उन्हाळ्यात परत पाण्यात उतरत राहतं. पाइप बंद केला तरी तळं लगेच सुधारत नाही त्याचं कारण हेच.

दुसरा हिशोब तुमचं पाणी किती पातळ होतं त्याचा. एप्रिल-मे महिन्यात नाल्यात किंवा नदीत तुमच्या पाण्याशिवाय दुसरं किती पाणी असतं? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उत्तर ‘जवळजवळ काहीच नाही’ असं येतं. मग नदी म्हणजे तुमचा आउटलेटच, आणि तिथले मासे-बेडूक तुमच्या टाकीतच राहतात असं समजून रचना करायची.

चौथं काम: सोडायचं पाणी कमी करा

या बाबतीत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिथलं केंद्र चांगलं चालायचं, पाणी उत्तम दर्जाचं होतं आणि ते सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला सोडलं जायचं. पण ते गोडं होतं. वर्षानुवर्षं तेवढं गोडं पाणी खारट दलदलीत उतरत राहिलं आणि खाऱ्या पाण्यातल्या वनस्पतींची जागा गोड्या-मचूळ पाण्यातल्या बोरूंनी घ्यायला सुरुवात केली. त्या खारट दलदलीखेरीज दुसरीकडे न जगणारा एक इवलासा उंदीर आणि एक पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी, दोघेही संकटग्रस्त, त्यांचं घरच पातळ होत चाललं. नियामकांनी मग कोरड्या हंगामात रोज १२ कोटी गॅलनची, म्हणजे साधारण ४५४ एमएलडीची मर्यादा घातली. शहराने त्यावर पुनर्वापराची वेगळी पाइपलाइन टाकली आणि उद्योग, बागा, मैदानं यांना ते पाणी विकायला सुरुवात केली.

आपल्या खाड्यांत पावसाळ्यात तसंही गोडं पाणी धो धो येतं, तेव्हा तुमच्या पाच-दहा एमएलडीने काही बिघडत नाही. प्रश्न डिसेंबर ते मेचा आहे. खाडीच्या आतल्या टोकाला, जिथे भरतीचं पाणी जेमतेम पोचतं, तिथे नाल्याच्या मुखाशी पाणकणीस उभं दिसलं तर समजा की खारटपणा हरतो आहे.

पुनर्वापराची गिऱ्हाइकं शोधताना मोठ्यापासून सुरुवात करा. नागपुरात भांडेवाडीच्या केंद्राचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे जातं. नवी मुंबईत तृतीय स्तर प्रक्रिया केलेलं पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांना देण्याची व्यवस्था झाली आहे. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी हे पाणी वापरणं बंधनकारक आहे. तुमच्याजवळ वीज केंद्र नसेल तर काँक्रीटचे आरएमसी प्लँट, रस्ते धुणं, दुभाजकांची झाडं आणि सोसायट्यांचे फ्लश आहेत. शेतीला देताना पीक बघून द्या, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला नको.

उलटी बाजूही आहे. एखादं तळं वीस वर्षं तुमच्याच पाण्यावर जगत असेल, भोवतालचे ओढे बिल्डरांनी बुजवलेले असतील, आणि तुम्ही एका उन्हाळ्यात सगळं पाणी कारखान्याला विकलं तर तळं मरेल. तेव्हा किमान किती पाणी ठेवायचं हेही लिहून ठेवा.

पाचवं काम: क्लोरिन

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं. कारण क्लोरिन म्हणजे ‘शुद्ध’ अशी आपली पक्की समजूत आहे.

आपल्या सर्वसाधारण मानकांत उरलेल्या क्लोरिनची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी दीर्घकाळाची सुरक्षित पातळी ठरवली आहे ०.०११ मिलिग्रॅम आणि खाऱ्या पाण्यासाठी ०.००७५. म्हणजे आपल्या कागदावर जे चालतं ते माशांच्या कल्ल्यांना नव्वदपट जास्त आहे.

प्रत्यक्षात काय होतं पाहा. हायपोचा (क्लोरिनच्या द्रावणाचा) ड्रम शेडबाहेर उन्हात उभा असतो, त्यातली ताकद दर आठवड्याला उतरते. ऑपरेटर अंदाजाने डोस वाढवतो. नवा ड्रम आला की तोच डोस दुप्पट ठरतो. ओटीच्या (ऑर्थोटोलिडिन रसायनाच्या) चाचणीत नळीत फिकट पिवळा रंग आला की ‘क्लोरिन बरोबर आहे’ म्हणून रजिस्टरमध्ये सही होते. पाणथळीच्या दृष्टीने तो पिवळा रंगच धोक्याचा आहे. आणि रंग दिसला नाही म्हणजे क्लोरिन नाही असंही नव्हे, कारण ०.१ मिलिग्रॅमच्या खाली त्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. डीपीडी या दुसऱ्या रसायनाची चाचणी आणि छोटा डिजिटल मीटर घ्या. पाण्यात अमोनिया उरला असेल तर क्लोरिनचं क्लोरामाइन होतं आणि ते जास्त वेळ टिकतं, म्हणून मुक्त क्लोरिन न मोजता एकूण क्लोरिन मोजा.

उपाय दोन. जागा नाजूक असेल तर यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) लावा. पण यूव्ही गढूळ पाण्यात आंधळा होतो, त्याच्या आधी फिल्टर हवाच आणि काचेच्या नळ्या वेळेवर पुसल्या गेल्या पाहिजेत. दुसरा उपाय म्हणजे क्लोरिन मारून बाहेर पडताना तो काढून टाकणं. १ किलो क्लोरिनला साधारण १.३४ किलो सोडियम मेटाबायसल्फाइट लागतं. ५ एमएलडीत १ मिलिग्रॅम उरत असेल तर रोज ५ किलो क्लोरिन, म्हणजे हिशोबाने पावणेसात किलो. थोडी सूट धरून दहाच्या आत ठेवा. त्याचा डोस कॉन्टॅक्ट टँकच्या (क्लोरिन पाण्यात मुरतं त्या टाकीच्या) शेवटी, पाणी उसळतं त्या जागी द्या, प्रक्रिया क्षणात होते. जास्त ओतलंत तर ते पाण्यातला ऑक्सिजन खातं. म्हणून पुढे चार-पाच पायऱ्यांवरून पाणी पाडा, हवा मिसळेल आणि वीजही लागणार नाही.

सहावं काम: अमोनिया, नत्र, स्फुरद

अमोनियाचं विष पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त भाग विषारी, मुक्त स्वरूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्के, ९ ला ३६ टक्के. आता शेवाळाने हिरवं झालेलं तळं आठवा. भर दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच ९ च्या पुढे जातो. तुमच्या आउटलेटला जो अमोनिया निरुपद्रवी होता तोच तळ्यात पोचून दुपारी तीनला साठपट विषारी होतो.

त्यामुळे अमोनिया केंद्रातच संपवा. एरेशन टँकमध्ये (हवा देण्याच्या टाकीत) ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा, गाळ फार लवकर बाहेर काढू नका, अमोनिया खाणारे जिवाणू सावकाश वाढतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्रामागे सात मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) खर्च होते. ती संपली की पीएच कोसळतो आणि सगळं ठप्प होतं. हिवाळ्यात नाशिकसारख्या ठिकाणी हे जास्त जाणवतं. एकूण नत्रासाठी हवा न देण्याचा टप्पा लागतो, एसबीआरमध्ये (एकाच टाकीत पाळीपाळीने सगळे टप्पे करणाऱ्या पद्धतीत) तो सायकलच्या वेळापत्रकात बसवता येतो. स्फुरदासाठी फेरिक क्लोराइड किंवा तुरटी. गाळ वाढेल, तो सुकवायची जागा आधी ठरवा.

निलंबित कणांचं एक वेगळं दुखणं खाडीत असतं. गाळ साचून चिखलपट्टा उंच झाला की त्यावर तिवरं सरकतात. तिवरं वाढली म्हणून आपण खूश होतो, पण रोहितांची चरायची जागा तेवढी गेलेली असते.

सातवं काम: कुठे आणि कधी सोडायचं

चिखलपट्ट्यावर किंवा तिवरांच्या मुळात पाइपाचं तोंड कधीही उघडू नका. ओहोटीला ते पाणी चिखलातून घळ पाडत जातं आणि गोड्या पाण्याचं डबकं तिथेच राहतं. तोंड मुख्य प्रवाहाच्या खोल भागात न्या, किंवा शक्य नसेल तर अशा नाल्यात जिथे भरती जोरात खेळते.

वेळ म्हणाल तर भरती पूर्ण झाल्यापासून पुढचे साडेतीन तास. तेव्हा खाडीत पाणी भरपूर असतं आणि ते समुद्राकडे निघालेलं असतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे जवळपास नऊ तासांचं पाणी साठवावं लागेल. ५ एमएलडीसाठी ही टाकी साधारण १,९०० घनमीटरची. सोडताना वेग सरासरीच्या साडेतीनपट होतो, पाइपाचा व्यास त्या हिशोबाने धरा. भरतीची वेळ काढायला कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करतात, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पडताळ्याला तो हिशोब छान आहे, पण पंपाचा टायमर छापील भरती-तक्त्यावरच लावा, आणि खाडीच्या वरच्या टोकाला भरती उशिरा पोचते तेवढा फरक जोडा. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत पाणी कमी हलतं, तेव्हा शक्य तेवढं पाणी पुनर्वापराकडे वळवा.

गोड्या पाणथळीवर भरतीची जागा धरणाचं आवर्तन (ठरवून पाणी सोडण्याची पाळी) घेतं. पाटबंधारे खात्याकडून वेळापत्रक मागून घ्या. आवर्तन चालू असताना साठा रिकामा करा, मेमध्ये नदी कोरडी असताना हात आखडता घ्या. पातळी एकदम वर-खाली होऊ देऊ नका, काठावरच्या घरट्यांत पाणी शिरतं.

मधलं तळं

केंद्र आणि पाणथळ यांच्यामध्ये नळ, पाणकणीस, कर्दळ लावलेलं उथळ तळं केलं तर उरलेलं नत्र आणि बिघाडाचा पहिला फटका ते झेलतं. पण जागेचा हिशोब आधी करा. दिवसाला ४ सेंटिमीटर भार धरला तर १ एमएलडीला अडीच हेक्टर लागतात. कोपऱ्यात दोन गुंठ्यांचं तळं करून त्याला ‘नैसर्गिक प्रक्रिया’ म्हणणारे सल्लागार बरेच आहेत. तळं अभयारण्याच्या हद्दीबाहेर हवं. दरवर्षी वनस्पती कापून बाहेर न्या, नाहीतर कुजून सगळं परत पाण्यात. जलपर्णी लावू नका, डासांसाठी गप्पी किंवा गंबुसिया सोडू नका. ते पुढच्या पाणथळीत जाऊन देशी माशांची पिल्लं खातात.

आठवं काम: बिघाडाच्या रात्रीची तयारी

वर्षभराचं चांगलं काम एका बायपासने (प्रक्रिया टाळून पाणी बाहेर सोडण्याने) जातं. वीज गेली, जनरेटरला डिझेल नाही, इनलेट पंप सुरू, आणि कच्चं पाणी सरळ नाल्यात. बायपासचा गेट कुलूपबंद ठेवा, चावी कोणाकडे आणि उघडल्यावर कोणाला फोन करायचा हे भिंतीवर लिहा. निदान सहा तासांचं पाणी मावेल एवढी इक्वलायझेशन (येणारं पाणी साठवायची) टाकी ठेवा. एक ब्लोअर (हवा देणारा पंखा) नेहमी जोडून तयार असावा, शेडमध्ये खोलून पडलेला ब्लोअर राखीव धरू नका. एसबीआरच्या डिकँटरवर (वरचं स्वच्छ पाणी काढणाऱ्या हातावर) एक नजर असू द्या. हात खाली उतरताना वरची तेलकट साय सोबत ओढली जात असेल तर पहिली पाच मिनिटं परत इनलेटला फिरवा.

नववं काम: मोजणी

नवं केंद्र सुरू होण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष, तिन्ही ऋतूंची मोजणी करा. जागा तीन: पाइपाच्या वर, पाइपाच्या खाली आणि तुमचं पाणी पोचत नाही अशी तशाच प्रकारची एक. नमुने घेणारा माणूस सकाळी अकराला येतो आणि पाणथळ त्या वेळी सगळ्यात निरोगी दिसते. ऑक्सिजन पहाटे, उजाडण्याआधी मोजा, रात्रभर सगळ्यांनी श्वास घेतल्यावर तो तळाला असतो. पीएच आणि अमोनिया दुपारी तीनला. खाडीत खारटपणा भरतीला आणि ओहोटीला दोन्ही वेळा. महिन्यातून एकदा ठरावीक चौकटीतला चिखल चाळून त्यातले किडे मोजा, पक्षी यायचे कमी होण्याच्या बऱ्याच आधी किडे कमी होतात. पक्षीगणना स्थानिक पक्षीमित्रांकडून त्याच जागी, त्याच भरतीच्या वेळी करून घ्या.

प्रत्येक आकड्यापुढे कृती लिहा. उदाहरणार्थ, पहाटेचा ऑक्सिजन ३ च्या खाली आला तर विसर्ग निम्मा, २ च्या खाली आला तर थांबवा आणि साठ्यात घ्या. हे आकडे प्रत्येक जागेला वेगळे असतील, पण ते आधी ठरलेले असावेत. संकटात बैठक घेऊन ठरवायचे नसतात.

मेलेले पक्षी दिसले तर

उन्हाळ्यात किंवा पाणी आटताना पक्षी मान टाकून, पंख ओढत बसलेले दिसले तर बोट्युलिझमची शंका घ्या. राजस्थानात सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पक्षी त्याने मेले. ऑक्सिजन नसलेल्या, कुजट, उबदार चिखलात हे जिवाणू विष तयार करतात, मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्यांमध्ये ते साठतं आणि त्या अळ्या खाऊन पुढचा पक्षी मरतो. त्यामुळे मेलेले पक्षी रोज, सकाळ-संध्याकाळ उचलावे लागतात. उघड्या हाताने नाही, बर्ड फ्लूची शक्यता तोवर नाकारलेली नसते. आधी वनखात्याला कळवा, नमुने पशुसंवर्धन विभागामार्फत जाऊ द्या. त्याच तासाला आउटलेटचा दोन लिटर नमुना बर्फात ठेवा, मागच्या सात दिवसांचं लॉगबुक, हायपोचा खप आणि विजेच्या खंडाच्या नोंदी यांचे फोटो काढा. आणि विसर्ग चालू ठेवायचा की थांबवायचा हे वनाधिकाऱ्यांशी बोलून ठरवा, कारण कधी कधी तळ्यात उरलेला तेवढाच ताजा प्रवाह असतो.